सल्ल्याची सनद

वकिलाला सनद लागते, वैद्याला नोंदणी लागते, हे आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु खचलेल्या माणसाचे ऐकून घ्यावे, त्याला वाट दाखवावी, यासाठीही सनद असावी आणि ती मुदतीमुदतीने नवी करून घ्यावी, ही कल्पना अलीकडची. तिची सुरुवात अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात झाली.

फसलेल्या लोकांनी ओरड केली म्हणून कायदा आला, असे कोणास वाटेल. भांडण होते ते दोन धंद्यांचे! वेल्डन नावाचे एक समुपदेशक तेथे खासगी व्यवसाय करीत. मानसशास्त्रज्ञांच्या परीक्षक मंडळाने त्यांना अडवले: हे काम आमचे, आणि तुमच्यापाशी आमचा परवाना नाही. प्रकरण कोर्टात गेले. १९७२ च्या निकालात समुपदेशन हा निराळा व्यवसाय असल्याचे मान्य झाले. मात्र त्या निराळ्या व्यवसायाला कायद्यात जागाच नव्हती. ती मिळविण्यासाठी समुपदेशक संघटित झाले आणि १९७६ साली व्हर्जिनियाने त्यांना परवाना देणारा देशातील पहिला कायदा केला. शेवटचे राज्य कॅलिफोर्निया. तेथे २००९ साल उजाडले. तेहतीस वर्षे! संघटनेच्या कामात केस पांढरे झालेल्या आम्हांला हा काळ फार वाटत नाही.

कुंपणाबाहेर ठेवलेल्यांनी मग आपले कुंपण घातले. पदव्युत्तर शिक्षण आणि परीक्षा तर हवीच. शिवाय ज्येष्ठाच्या देखरेखीखाली व्हर्जिनियात ३,४०० तास, कॅलिफोर्नियात ३,००० तास उमेदवारी. आठवड्याला चाळीस तास धरले तरी ३,४०० तासांना पंचाऐंशी आठवडे होतात. या काळात उमेदवाराने रुग्णाकडून परस्पर पैसे घ्यायचे नाहीत, हे रास्तच. पण कॅलिफोर्नियाच्या नियमाने तो पगारी नोकर असू शकतो, तसाच बिनपगारी स्वयंसेवकही असू शकतो. येथे आम्ही अडतो. ज्याच्या घरी दुसरे कोणी मिळवते आहे तोच असे तास भरू शकणार. छापखान्यात फुकट उमेदवारी केलेल्यांना हे अधिक फोडून सांगायला नको.

नूतनीकरणाला मात्र आमचा विरोध नाही. व्हर्जिनियात दरवर्षी वीस तास, कॅलिफोर्नियात दोन वर्षांतून छत्तीस तास नवे शिक्षण घ्यावे लागते. एकदा शिकलेल्यावर तीस वर्षे रेटू नये, हे फिटरलाही लागू आहे. शिवाय नोंदवही ठेवणारे मंडळ असले म्हणजे दुखावलेल्या माणसाला तक्रारीसाठी एक दार राहते, आणि परवाना काढूनही घेता येतो.

आपल्याकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्याखाली होते. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत एच.आय.व्ही. व कुटुंबनियोजनाचे समुपदेशकही आहेत. सरकारी केंद्रांतून एच.आय.व्ही.चे समुपदेशन करणारे हे लोक बहुतांशी कंत्राटावर आहेत. त्यांनी नव्या शिक्षणासाठी रजा घेतली, तर त्या दिवसाचा पगार कापला जाणार की नाही, हे आम्हांला प्रथम विचारायचे आहे.