कोणी न मागितलेली फौज : बोस्टन, १७६८–१७७०

१ ऑक्टोबर १७६८ रोजी १४वी आणि २९वी या ब्रिटिश पलटणी हॅलिफॅक्सहून येऊन बोस्टनमध्ये उतरल्या. जूनमध्ये जॉन हॅनकॉकचे ‘लिबर्टी’ जहाज जप्त झाले तेव्हा गावात दंगल उसळली होती आणि जकात आयुक्तांनी बेटावरच्या कॅसल विल्यम किल्ल्यात आसरा घेतला होता. सुमारे सोळा हजार वस्तीच्या गावाचा बंदोबस्त आता या फौजेने ठेवायचा होता.

पण तिला हुकूम कोण देणार? मुलकी अधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय जमावावर गोळी घालायची नाही, असा दंडक होता; आणि गव्हर्नरच्या कौन्सिलने तर जुलैमध्येच फौज मागायला नकार दिला होता. पुढच्या सतरा महिन्यांचे मर्म मला या पेचात दिसते. बिऱ्हाडाचा वादही तसाच. १७६५च्या कायद्यानुसार बराकी असतील तर आधी त्या भरायच्या. किल्ल्यात जागा आहे, असे कौन्सिल म्हणाले. अखेर लष्कराला गोदामे भाड्याने घ्यावी लागली.

सैनिकांच्या वर्तनाची निनावी दैनंदिनी ‘जर्नल ऑफ ऑकरन्सेस’ आधी न्यूयॉर्कमध्ये छापली जाई. बोस्टनमध्ये ती उशिरा पोचे, तोवर शहानिशा अवघड होई. म्हणून तिच्यातील एकेक आरोप मी पुरावा धरत नाही. गावकऱ्यांची आणि सैनिकांची रोजची हुज्जत मात्र दोन्ही बाजूंच्या कागदांत आहे.

त्यात पोटाचा प्रश्न मिसळला. तुटपुंज्या पगाराचे सैनिक फावल्या वेळी कमी मजुरीत राबत. २ मार्च १७७० रोजी जॉन ग्रेच्या दोरखंडाच्या कारखान्यात काम मागायला गेलेल्या सैनिकाला कामगाराने शौचकूप साफ करायला सांगितले, आणि हाणामारी जुंपली.

५ मार्चच्या रात्री जकात कचेरीसमोर कॅप्टन प्रेस्टनच्या तुकडीने गोळ्या झाडल्या. पाच जण दगावले. हुकूम देणाऱ्याच्या अंगात फिकट ओव्हरकोट होता, असे खटल्यातला एक साक्षीदार म्हणतो. प्रेस्टन लाल कोटात होता, असे इतर सांगतात. प्रेस्टन निर्दोष सुटला. आठ सैनिकांपैकी सहा सुटले; दोघांवर सदोष मनुष्यवध शाबीत होऊन त्यांच्या अंगठ्यांवर डाग दिले गेले. त्यांतला मॅथ्यू किलरॉय कारखान्यातल्या मारामारीत होता, आणि मृतांपैकी सॅम्युअल ग्रे तिथलाच दोरखंड वळणारा.