लोखंडी घोडे, खरी आग

घोड्यांच्या पायांखाली चाकं आहेत. चित्र फोनवर उघडलंत तर आधी तिथेच झूम करा, मग वर नाकपुड्यांकडे या. तिथून लाल-सोनेरी ज्वाळा उसळतायत. घोडे लोखंडाचे, वरचे स्वारही लोखंडाचे. समोर हिंदच्या फूर राजाची फौज. फूर म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला पोरस.

फिरदौसीने ‘शाहनामा’ इ.स. १०१०च्या सुमारास पुरा केला. त्यात इस्कंदर, म्हणजे सिकंदर, हिंदवर चालून येतो, पण फूरच्या हत्तींची धास्ती असते. मग लोहार कामाला लागतात. पोकळ घोडे घडवून त्यांत नाफ्था भरतात (आपल्या रॉकेलचा पूर्वज म्हणा) आणि पेटवून देतात. सोंडा भाजलेले हत्ती उलटे पळत सुटतात. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमकाठी झालेल्या खऱ्या लढाईत असले घोडे नव्हते.

चित्र मात्र १३३०च्या दशकातलं, बहुधा तबरीझचं. तेव्हा इराणवर इल्खानी मोंगोलांचं राज्य होतं. चंगीझ खानाचे हे वंशज. शंभरेक वर्षांपूर्वी चंगीझच्या फौजांनी इराणची शहरंच्या शहरं ओस पाडली, १२५८ मध्ये त्याचा नातू हुलागूने बगदाद लुटलं. वेढा घालताना नाफ्था फेकणारी माणसं मोंगोलांकडे होती. आता त्याच घराण्याच्या दरबाराला इराणच्या राजांचं पुस्तक हवं होतं, भल्यामोठ्या चित्रांसकट. फिरदौसीचा इस्कंदरही असाच, बाहेरून आलेला जेता. पण इराणचा राजा दाराब हाच त्याचा बाप, असं सांगून त्याला घरचा करून घेतलेला. मोंगोलांना तो जवळचा वाटला असेल तर नवल नाही.

आणि चित्रकार? त्याने सैनिकांना आपल्या काळाचीच चिलखतं चढवली. त्यामुळे मला हे चित्र सिकंदराचं वाटतच नाही. पळणाऱ्यांच्या मागे लागलेली ती आग तबरीझच्या कुणीतरी आजोबांकडून ऐकलेली वाटते. याला पुरावा नाही, माझं आपलं वाचन. पण दोनशे वर्षांनंतरच्या, शाह तहमास्पसाठी केलेल्या शाहनाम्यातली युद्धं शेजारी ठेवून बघा. रंग असे की फुलबागच, आणि वार झेलणाऱ्याचा चेहराही बऱ्याचदा शांत. देखणी आहेत, प्रश्नच नाही. धग मात्र या जुन्या पानात आहे.

या पुस्तकावर पुढे आणखी एक स्वारी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पॅरिसमधल्या देमोत नावाच्या व्यापाऱ्याकडे आलं. अख्ख्या पुस्तकाला हवी तशी किंमत येईना, म्हणून त्याने पानं सुटी करून विकली. काही पानांवर दोन्ही बाजूंना चित्रं होती. तो कागद त्याने मधोमध सोलला, एका पानाची दोन केली. साठाच्या आत चित्रं आज उरलीत, जगभर विखुरलेली. लोखंडी घोडे अमेरिकेत, हार्वर्डच्या संग्रहात आहेत. सोललेली काही चित्रं दुसऱ्याच पानांवर चिकटवलेली आहेत. तिथे चित्र एका गोष्टीचं, आणि भोवतीच्या ओळी भलत्याच गोष्टीच्या.