नाणे, ठसा आणि छायाचित्र

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक निधी सापडला. निधी म्हणजे कोणीतरी एकत्र पुरून ठेवलेला आणि शतकांनंतर अवचित हाती लागलेला नाण्यांचा साठा. या निधीत १३,२५० हून अधिक नाणी होती, ती सारी क्षहरात घराण्यातील नहपान या क्षत्रपाच्या नावाची होती, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे त्याच्या मातेचा, गौतमी बलश्रीचा, नाशिकच्या पांडवलेण्यातील शिलालेख सांगतो. त्या वाक्याची साक्ष त्याच परिसरातल्या मातीतून इतक्या मोठ्या संख्येने बाहेर यावी, हा भारतीय नाणेशास्त्रातील विलक्षण योग होय.

या निधीचा अभ्यास रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी केला. नहपानाच्या नाण्याच्या दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा व त्याभोवती ग्रीक अक्षरे, तर मागच्या बाजूस बाण व वज्र आणि भोवती ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींतील लेख अशी रचना असते. ग्रीक अक्षरांतली भाषासुद्धा ग्रीक नसून प्राकृतच आहे; लिपी तेवढी परकी. मात्र हा त्रिलिपी लेख एकाच नाण्यावर संपूर्ण सापडणे जवळजवळ अशक्य असते, कारण ठसा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे आणि घाव जरा बाजूला पडला की काही अक्षरे चकतीच्या बाहेर जात. एका नाण्यावर लेखाचा आरंभ, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर शेवट असे तुकडे शेजारी ठेवून पूर्ण पाठ सिद्ध करावा लागतो. स्कॉट यांना त्यात आणखी एक गोष्ट आढळली: नाव एकाच राजाचे असूनही मुखवटे एकमेकांशी जुळत नाहीत, काही चेहरे तरुण, काही वृद्ध, नाकाची व हनुवटीची ठेवणही निराळी. हे चेहरे एकाच पुरुषाचे नसून त्याच्या कुळातील निरनिराळ्या व्यक्तींचे असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. तो पटो वा न पटो, असा प्रश्न सुचण्यासाठी शेकडो चेहरे एकत्र पाहावे लागतात, आणि फुटलेल्या निधीतील नाणी पुन्हा एकत्र पाहायची तर चित्रांवाचून उपाय नसतो. नाणी गोळा करणे आणि त्यांची चित्रे करणे हे दोन छंद मुळातच एकमेकांना बांधलेले आहेत, ते यामुळेच.

छायाचित्रणापूर्वी हे काम हाताने होत असे. बनारसच्या व पुढे कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूची कस-परीक्षा करणारे अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३२ साली सुरू झालेल्या बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात नाण्यांची चित्रे प्रसिद्ध केली, त्यांतील अनेक फलक त्यांनी स्वतः रेखाटले व कोरले. एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लेख असलेल्या इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांमुळे खरोष्ठी अक्षरांची ओळख पटू लागली. १८३७ मध्ये त्यांनी ब्राह्मीचेही वाचन सिद्ध केले. या रेखाटनांमागचे कष्ट थोर आहेत, पण त्यांना एक मर्यादा होती: लिपी अजून वाचता येत नसताना अक्षर कोणते आणि धातूवरचा ओरखडा कोणता, हे चितारणाऱ्याला आपल्या समजुतीनेच ठरवावे लागे, आणि एकदा कागदावर उतरलेली चूक मूळ नाणे न पाहिलेल्या पुढच्या अभ्यासकाच्या पदरी पडे.

पश्चिम भारतात या विद्येला खरी शिस्त लावली ती जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांनी. गिरनारच्या पायथ्याशी लहानपणी शिलालेख पाहून लिपीचे वेड लागलेला हा मनुष्य मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झाला आणि त्याने क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांचा संग्रह जन्मभर वाढवला. हे नाणे दोन ग्रॅमच्या आसपास वजनाचे, करंगळीच्या नखाहून थोडे मोठे असते. त्याच्या दर्शनी बाजूस राजाच्या डोक्याच्या मागे शक वर्षाचे अंक असतात, शतकाचे, दशकाचे व एककाचे चिन्ह निराळे. मागच्या बाजूस राजाच्या नावाबरोबर त्याच्या पित्याचेही नाव येते. त्यामुळे पुरेशी नाणी जमली की वंशावळ व कालानुक्रम दोन्ही नाण्यांवरूनच मांडता येतात, आणि भगवानलालांनी नेमके तेच केले. त्यांचा यावरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर इ. जे. रॅप्सन यांनी संपादून १८९० मध्ये प्रसिद्ध केला. क्षत्रप नाणी मृत्युपत्रानुसार लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेली.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली होती आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातील नामांकित छायाचित्रकार होते. परंतु नाण्याचे थेट छायाचित्र घेणे सोपे नव्हते. घासलेली चांदी चकाकते, काळवंडलेली चांदी प्रकाश गिळते, आणि एकाच नाण्याच्या दोन बाजू एका वेळी दिसत नाहीत. म्हणून मोठ्या संग्रहालयांनी वेगळी वाट काढली: नाण्याचा साचा घेऊन त्यात प्लॅस्टर ओतायचे, आणि त्या पांढऱ्या, चकाकी नसलेल्या प्रतिकृतीवर एका बाजूने तिरपा प्रकाश पाडून छायाचित्र घ्यायचे. ब्रिटिश म्युझियमच्या जुन्या नाणेसूचींतील सुबक फलक अशा प्रतिकृतींचे आहेत. त्यांत उठाव अतिशय स्पष्ट येतो. मात्र धातूचा रंग, गंज आणि झीज यांची माहिती नाहीशी होते.

ही हरवणारी माहिती किती मोलाची असते, हे शिवराईच्या संग्राहकांना विशेष ठाऊक आहे. शिवराई म्हणजे एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेले तांब्याचे नाणे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी त्याची परंपरा जोडली जाते आणि पुढे पेशवाईच्या अखेरपर्यंत ते अनेक टांकसाळींत पडत राहिले. अक्षरांचे वळण, ‘शिव’ ऐवजी ‘सिव’ असे लेखन, ओळींमधील रेघा, कडेचे ठिपके, छोटी चिन्हे यांवरून अभ्यासक तिचे प्रकार वेगळे करतात. दुर्दैवाने देवघरातील वा बाजारातील शिवराई चिंचेने घासून लखलखीत करण्याची रीत फार जुनी आहे. त्या घासण्यात तांब्यावर शतकानुशतके बसलेला, धातूचे रक्षण करणारा थर जातो आणि अक्षरांच्या कडाही बोथट होतात. म्हणूनच नाणे आले त्या स्थितीत, काहीही न पुसता, आधी त्याचे छायाचित्र घ्यावे, हा नियम जाणते संग्राहक काटेकोरपणे पाळतात. छायाचित्राबरोबर वजन, व्यास आणि दोन्ही ठशांचा परस्पर कोन लिहिला जातो. प्रकाश वरच्या डाव्या बाजूने येईल अशी मांडणी असते, कारण तो खालून आला तर उठावाची अक्षरे डोळ्याला खोदल्यासारखी भासतात. नाशिक–त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० मध्ये उभ्या राहिलेल्या नाणेसंशोधन संस्थेने नाण्यांबरोबर त्यांच्या छायाचित्रांचाही संग्रह केला, याचे महत्त्व या दृष्टीने फार मोठे आहे; डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाने तिचे सुरुवातीचे काम उभे केले.

प्रकाशाची दिशा बदलल्याने काय साधते, हे पाहण्यासाठी जोगळटेंभीच्याच पुनर्मुद्रित नाण्याइतके चांगले उदाहरण नाही. गौतमीपुत्राच्या ठशावर तीन कमानींची टेकडी, तिच्याखाली नागमोडी रेघ व भोवती त्याचा ब्राह्मी लेख आहे, तर दुसऱ्या ठशावर चार वर्तुळांचे, उज्जैन चिन्ह म्हणून ओळखले जाणारे चिन्ह आहे. समोरून प्रकाश पाडला असता एवढेच दिसते. तोच प्रकाश अगदी सपाट, कडेवरून सोडला की टेकडीच्या कमानींमागून नहपानाच्या कपाळाची व नाकाची रेघ वर येते, आणि नाणे थोडे फिरवले की कडेशी दबलेली दोन-तीन ग्रीक अक्षरेही वाचता येतात. अशा एका नाण्याची तीन-चार छायाचित्रे घ्यावी लागतात, आणि संग्राहकाच्या नोंदवहीत त्या एकाच नाण्यापुढे दोन राजांची नावे लिहिली जातात.