गेट्सच्या पराभवातले पणजोबा

तर मंडळी, झालं असं की माझ्या हापिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांची ऐंशी उलटली आणि त्यांनी पोराकडे एकच भेट मागितली. त्यांच्या पणजोबांचे पणजोबा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात मिलिशियात होते म्हणे. किंग्ज माउंटनच्या लढाईत त्यांनी मोठा पराक्रम गाजवला, अशी घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गोष्ट. म्हातारबुवांना घराच्या अंगणात एक दगडी पाटी बसवायची होती. पण त्यावर जे कोरायचं ते कागदोपत्री खरं पाहिजे, अशी अट.

सहकारी माझ्याकडे आला, कारण आमच्या टीममध्ये 'डेटा साफ करणारा माणूस' मीच :) मी नॉर्थ कॅरोलिनात रॅलेला राहतो, राज्याचं अभिलेखागार इथेच आहे. म्हटलं, दोन विकांतात काम फत्ते. प्रत्यक्षात सात विकांत गेले.

पहिली अडचण म्हणजे मिलिशिया ही भानगडच वेगळी. वॉशिंग्टनची कॉन्टिनेंटल फौज म्हणजे पगारी, वर्षानुवर्षं नोकरीतली. मिलिशिया म्हणजे गावातले शेतकरी, लोहार, चांभार. बोलावणं आलं की स्वतःची बंदूक घेऊन जायचं, नॉर्थ कॅरोलिनात साधारण तीन महिन्यांचा फेरा करायचा आणि परत नांगराला जुंपून घ्यायचं. आपल्याऐवजी पैसे देऊन दुसऱ्याला पाठवायचीही सोय होती. अशा लोकांच्या हजेरीपटाची काळजी कोण करणार? त्यात जे कागद होते त्यातले पुष्कळसे नोव्हेंबर १८०० मध्ये वॉर डिपार्टमेंटच्या कचेरीला लागलेल्या आगीत गेले. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहर जाळलं. थोडक्यात, बॅकअप नाही.

म्हणून आजपासून मागे मागे जायचं. इथली जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. पण १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीने खाल्ले, त्यामुळे १८८० वरून एकदम १९०० वर उडी मारावी लागते. १८५० च्या आधीच्या गणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी सगळे नुसते आकडे. इतके पुरुष, इतक्या बायका, इतके गुलाम. आमच्या म्हाताऱ्याच्या घरात गुलामांच्या रकान्यात १७९० ला शून्य होतं आणि १८२० ला दोन. घरातल्या गोष्टीत त्या दोघांचा उल्लेख कधीच नव्हता आणि कागदावरही त्यांना नाव नाही. १८४० ची गणना मात्र कामाची, कारण तिच्यात हयात पेन्शनरांची नावं आणि वयं स्वतंत्र नोंदवली आहेत. तिथे आमचा माणूस टेनेसीत सापडला. म्हणजे पेन्शन होती. म्हणजे फाइल असणार!

मिलिशियावाल्यांना पेन्शन मिळाली ती ७ जून १८३२ च्या कायद्याने. तोवर युद्ध संपून जवळजवळ पन्नास वर्षं झालेली. किमान सहा महिने सेवा हवी. दोन वर्षं भरली तर पूर्ण पगार तहहयात, कमी असेल तर त्या प्रमाणात. साध्या शिपायाला पूर्ण म्हणजे वर्षाला ८० डॉलर आणि सहा महिनेवाल्याला २०. बहुतेकांकडे कागद नव्हतेच. म्हणून म्हाताऱ्याने कोर्टात उभं राहायचं आणि शपथेवर सांगायचं की जन्म कुठला, बोलावणं आलं तेव्हा राहत कुठे होतास, स्वतःहून गेलास की सक्तीने, अधिकारी कोण होते. शिवाय 'हा माणूस खरं बोलतो' असं सांगायला पाद्री आणि शेजारीपाजारी. आपल्याकडे १९७२ पासूनच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनलाही सर्वसाधारणपणे सहा महिने तुरुंगवासाची अट होती आणि तुरुंगाचे कागद नसले तर सहबंदीचा दाखला चालायचा. सरकार कुठलंही असो, कागद हरवला की शेवटी माणसालाच विचारावं लागतं.

अशा सुमारे ८०,००० फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि आता जालावर घरबसल्या बघता येतात. क्रमांकाच्या आधी 'एस' असेल तर सैनिकाचा अर्ज, 'डब्ल्यू' म्हणजे विधवेचा आणि 'आर' म्हणजे नामंजूर. लग्नाचा पुरावा म्हणून बायकांनी घरच्या बायबलमधली पानं फाडून जोडली आहेत. 'आर'वाल्या फायली वाचताना तर जीव तुटतो. जेहू ग्रांट नावाचा ऱ्होड आयलंडमधला गुलाम १७७७ मध्ये मालकाकडून पळून सैन्यात गेला, दहा महिने राबला. म्हातारपणी अर्ज केला तर उत्तर आलं की तू तेव्हा फरारी गुलाम होतास, तुझी सेवा धरता येत नाही.

असो. आमच्या माणसाच्या नावाच्या चार फायली निघाल्या. चार! नाव ही प्रायमरी की नव्हे, हे मी रोज ज्युनियर पोरांना सांगतो आणि स्वतः पहिली फाइल उघडून नाचायला लागलो. त्या काळात 'सीनियर' आणि 'ज्युनियर' म्हणजे बाप-लेकच असतील असंही नाही. गावात एका नावाचे दोघे असले तर वयाने मोठा तो सीनियर. किंग्ज माउंटनचा पराक्रम पहिल्याच फाइलीत होता, पण तो माणूस केंटकीत गेला आणि त्याच्या बायकोचं नाव जुळेना. आमची फाइल तिसरी. काउंटी, बायको, टेनेसी, वय, सगळं जुळलं. तिच्यात किंग्ज माउंटन नव्हतं. पहिल्या फेऱ्याबद्दल एवढंच होतं की मी 'गेट्सच्या पराभवात' होतो. पुढे काही नाही.

गेट्सचा पराभव म्हणजे १६ ऑगस्ट १७८० ची कॅमडेनची लढाई. जनरल गेट्सने आजारी फौज रात्रीतून पुढे दामटली. आदल्या संध्याकाळी काकवी घातलेलं जेवण खाऊन निम्म्या लोकांची पोटं बिघडलेली. पहाटे ब्रिटिश संगिनी रोखून आले आणि आधी व्हर्जिनियाची आणि मग नॉर्थ कॅरोलिनाची बहुतेक मिलिशिया पळत सुटली. गेट्स साहेब स्वतः त्या दिवशी सुमारे ६० मैल दूर शार्लटला पोचले.

ती पळापळ आतून कशी होती, ते नॉर्थ कॅरोलिनाच्याच मिलिशियातल्या गॅरेट वॉट्सने आपल्या पेन्शनच्या जबानीत सांगितलंय. तो म्हणतो, पहिली गोळी बहुधा माझीच आणि पहिल्या पळणाऱ्यांतही मी. का पळालो सांगता येत नाही, सगळेच पळायच्या बेतात दिसले. बंदूक टाकली. मग हत्याराशिवाय सापडलो तर शिक्षा होईल म्हणून एक ढोल उचलला, पण झुडपांच्या फांद्या लागून तो वाजायला लागला, म्हणून तोही टाकला. मागून तोफांचा आवाज येतच होता. ती द काल्बची तुकडी अजून लढत होती. ते ठाऊक असतं तर परत फिरलो असतो कदाचित, असं तो म्हणतो. द काल्ब जखमांनी तीन दिवसांनी वारला.

पेन्शन मागायला आलेला म्हातारा शपथेवर हे सांगतो. मी ते दोनदा वाचलं.

पण आता म्हातारबुवांना सांगायचं कसं? सहकारी म्हणाला, 'कॅमडेन' एवढंच सांगू, पुढचं कशाला? मला ते पटेना. अट त्यांनीच घातली होती. शेवटी एका रविवारी सगळे छापील कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि सांगितलं. किंग्ज माउंटन दुसऱ्याच कुणाचं. हे कॅमडेनला होते. पळाले असं लिहिलेलं नाही, पण तिथे जवळजवळ सगळी मिलिशिया पळाली होती. आणि १८२० चे ते दोन आकडेही दाखवले.

म्हातारबुवा बराच वेळ गप्प. मग चष्मा लावून त्यांनी स्वतः फाइल वाचायला घेतली आणि बोट एका ओळीवर ठेवून विचारलं, "हा दुसरा फेरा कधीचा?"

दुसरा फेरा १७८१ चा. काउपेन्सला पकडलेल्या ब्रिटिश कैद्यांवर पहारा, तीन महिने, लढाई नाही. म्हणूनच सहा महिने भरले आणि वर्षाला २० डॉलर मिळाले. मी तो फेरा किरकोळ समजून सोडून दिला होता. काउपेन्स म्हणजे १७ जानेवारी १७८१. तिथे डॅनियल मॉर्गनने मिलिशियाला सांगितलं होतं की दोनदा नेम धरून गोळ्या झाडा आणि मग खुशाल मागे जा. ही माणसं शेवटपर्यंत उभी राहणार नाहीत हे धरूनच त्याने डाव मांडला. ब्रिटिशांना वाटलं पुन्हा पळाले, आणि ते सापळ्यात अडकले.

"म्हणजे कॅमडेननंतर परत गेले," म्हातारबुवा म्हणाले.

हो. ऑगस्टमध्ये जे झालं ते बघून, घरी येऊन, पुढच्या वर्षी पुन्हा गेले.

पाटी बसली आहे. तिच्यावर नाव, काउंटी, नॉर्थ कॅरोलिना मिलिशिया आणि त्याखाली 'दोन फेरे, १७८० आणि १७८१'. बस्स. त्या दोन बिननावाच्या माणसांचा शोध सहकाऱ्याने आता स्वतः सुरू केलाय, जुन्या मृत्युपत्रांतून आणि मालमत्तेच्या याद्यांमधून. ते काम याहून अवघड आहे. पुढच्या विकांतात मीही जातोय.