फणेरपेटीतलं मेण

हेअर वॅक्स कुठलं घ्यावं, हे आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पोरं हल्ली मला विचारतात. (स्वतःच्या डोक्यावर काही उरलं नाही की माणूस तज्ज्ञ होत असावा.) माझं उत्तर ठरलेलं आहे. जेल वाळून कडक होतं, मेण वाळत नाही. त्यामुळे दुपारी विसकटलेले केस बोटांनी पुन्हा बसवता येतात. बारीक, विरळ केसांना कोरडं, मातीसारखं वॅक्स. राठ केसांना चिकट. नखाएवढंच घ्यायचं, तळव्यांवर चोळून पूर्ण वितळू द्यायचं आणि मागच्या केसांपासून सुरुवात करायची, म्हणजे पुढे गोळा बसत नाही. रात्री निघत नसेल तर आधी खोबरेल, मग शाम्पू. तेलकट गोष्ट तेलानेच सुटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

असो. सांगायचंय ते वेगळंच. केस जागच्या जागी धरून ठेवायची हौस फार जुनी आहे. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०११ साली इजिप्तच्या ममींचे केस तपासले, तर त्यांतल्या काहींवर चक्क चरबीयुक्त लेप निघाला. आयर्लंडमध्ये २००३ साली दलदलीत सापडलेला, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ठार मारला गेलेला एक माणूस डब्लिनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या केसांत वनस्पती तेल आणि पाइनची राळ होती, आणि ती राळ फ्रान्स-स्पेनकडून आलेली. म्हणजे इंपोर्टेड माल तेव्हाही होता! आपल्या वडील-काकांच्या पिढीचं ब्रिलक्रीम मात्र १९२८ सालचं, बर्मिंगहॅमचं. पाणी, खनिज तेल आणि ते एकजीव राहावं म्हणून मधमाश्यांचं मेण. त्याच्या जाहिरातीत इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन झळकला आणि पुढे आपला मुंबईचा फारुख इंजिनिअरसुद्धा. मग साठच्या दशकात पोरांनी केस वाढवले आणि चप्प बसवलेल्या भांगाचे दिवस सरले.

पण मेणाचा खरा इतिहास वाचायचा तर जपानचा. तिथे हाझे नावाचं झाड आहे. त्याची फळं कुटायची, वाफवायची, दाबून रस काढायचा. तो थंड झाला की घट्ट होतो. शास्त्राच्या हिशेबाने हे मेण नाहीच, चरबी आहे, पण हाताला मेणासारखंच लागतं आणि पन्नास अंशांच्या थोडं वर वितळतं. गंमत म्हणजे हे झाड आपल्या आंबा-काजू-बिब्ब्याच्या कुळातलं. त्याचा चीक अंगावर उततो. कोकणातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगायला नको.

या मेणात तेल आणि सुगंध मळून बिन्त्सुके-आबुरा करतात. सामुराईंची ती डोक्यावर वळवलेली शेंडी याच्या जोरावर उभी असायची. १८७१ साली मेइजी सरकारने फर्मान काढलं की आता शेंडी कापायला आणि तलवार न बाळगायला मोकळीक आहे. १८७३ मध्ये खुद्द सम्राटाने केस कापले. मग काय, बघता बघता सगळा देश भादरला! सुमो पैलवानांना मात्र शेंडी राखता आली. आज हे मेण रोजच्या रोज डोक्याला लावणारे पुरुष म्हणजे मुख्यतः तेच.

त्यांचे केस बांधणारे न्हावी वेगळे, त्यांना तोकोयामा म्हणतात. सगळ्या जपानात पन्नासच्या आसपास असतील. तळव्यात मेण मऊ करून केसांत चोपडायचं, लाकडी फण्यांनी ओढून विंचरायचं, आणि कागदी दोऱ्याचं एक टोक दातांत धरून गाठ आवळायची. आपल्या आगवळाचाच भाऊ तो. खालच्या श्रेणीतल्या पैलवानाला साधी शेंडी. वरच्या दोन श्रेणींत पोचला की स्पर्धेच्या दिवशी टोकाला गिंकोच्या पानासारखा पंखा. म्हणजे माणूस कुठवर पोचलाय ते डोकं बघून कळतं. निवृत्त होताना गुरू, मित्र, आश्रयदाते असे शेकडो लोक एकेक करून सोनेरी कात्रीने थोडे थोडे केस कापतात आणि शेवटची कात्री गुरू चालवतो. हाकुहो या महान पैलवानाचा हा समारंभ जानेवारी २०२३ मध्ये टोकियोत झाला. एरवी डोंगरासारखी असलेली माणसं त्या वेळी खुर्चीत बसून रडतात.

हे सगळं वाचत असताना एका ओळीवर मी थांबलो. क्योतोच्या माइको आणि काबुकीतले नट हेच बिन्त्सुके तोंडाला, मानेला चोळतात आणि मग त्यावर पांढरा रंग चढवतात. मेणाशिवाय रंग धरत नाही.

अहो, हे तर आपलं कुंकू!

आजीच्या फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची पितळी डबी असायची. बोटावर जरासं मेण घेऊन कपाळावर गोल टेकवायचं आणि त्यावर पिंजर दाबायची. मग ते कुंकू चुलीपुढच्या घामानेही ओघळत नसे. नवख्या माणसाला कपाळावर फक्त लाल रंग दिसायचा, खालचं मेण कुणाला दिसत नसे.

ती पेटी मुळात आजीची नव्हती, तिच्या आत्याची होती. आत्या लहान वयात विधवा झाली. नवरा गेला की कुंकू पुसायचं, म्हणजे मेणासकट पुसायचं; आणि आमच्यासारख्या ब्राह्मण घरांत डोकंही भादरायचं. एकदा नव्हे, केस वाढले की पुन्हा, आयुष्यभर. मग फणीचं काय काम आणि मेणाचं तरी काय? पेटी भाचीकडे आली ती अशी. कात्री तिकडेही आणि वस्तरा इकडेही, पण तिकडे शेकडो माणसं मान द्यायला रांग लावतात आणि इकडे बाईला मागच्या पडवीत बसवायचे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच संप केला, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणाले. शास्त्री-पंडितांचे वाद चालू असताना हातात वस्तरा असलेल्या माणसांनी तो खाली ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्या गावापर्यंत त्या संपाची बातमी आली होती की नाही कोण जाणे. आली असली तरी आत्याच्या उपयोगी पडली नाही.

पुढे चिकटवायच्या टिकल्या आल्या आणि मेणाची गरजच संपली. आजीने मात्र शेवटपर्यंत टिकली लावली नाही. "कागद कसला चिकटवायचा कपाळाला?" म्हणायची.

पूजेच्या सामानाच्या दुकानात कुंकवाचं मेण अजून मिळतं, छोट्या डबीत. मी आणलंय. पोरांच्या केसांना लावून पाहिलं तर फार घट्ट, फणीच अडकते. मिशीला मात्र छान बसतं.