जुन्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचे पुनर्लेखन

बँका, विमा कंपन्या व शासकीय खाती यांच्या व्यवहारांचा भार वर्षानुवर्षे वाहणारे सॉफ्टवेअर तसेच चालू ठेवावे की नव्याने लिहून काढावे, हा संगणकक्षेत्रातील एक कठीण निर्णय मानला जातो. अशा सॉफ्टवेअरला ‘लेगसी सॉफ्टवेअर’ म्हणतात. त्यातील पुष्कळसे कोबॉल या भाषेत आहे. तिची आखणी १९५९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली.

सॉफ्टवेअर यंत्राप्रमाणे झिजत नाही. मात्र ते जाणणारी माणसे निवृत्त होतात. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या साथीत बेरोजगार भत्त्यासाठी अर्जांचा लोंढा आला, तेव्हा न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले.

पुनर्लेखनातील धोके

जुन्या आज्ञावलीत निरर्थक भासणाऱ्या अनेक ओळी असतात. त्यांतील कित्येक कायद्यातील एखाद्या अपवादासाठी किंवा पूर्वी आढळलेला दोष दूर करण्यासाठी घातलेल्या असतात आणि त्यांचे कारण बहुधा अन्यत्र कोठेही नोंदलेले नसते. नव्याने लिहिताना हे संचित ज्ञान हरवते. हाच मुद्दा जोएल स्पोल्स्की यांनी २००० मध्ये नेटस्केप या न्याहाळकाच्या संदर्भात मांडला. नेटस्केपने १९९८ मध्ये जुनी आज्ञावली बाजूला सारली. चौथ्या आवृत्तीनंतर थेट सहावी आवृत्ती निघाली, तीही नोव्हेंबर २००० मध्ये. तोवर मायक्रोसॉफ्टने बाजारपेठ काबीज केली होती. अर्थात, त्याच पुनर्लेखनातून पुढे फायरफॉक्स निर्माण झाला, हे टीकाकार सहसा सांगत नाहीत.

व्यवसायात अशा घाईची किंमत ग्राहक मोजतो. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनमधील टीएसबी बँकेने लॉइड्स बँकेच्या प्रणालीवरील आपली खाती एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर हलविली. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यांचे व्यवहार ऑनलाइन करता येईनात. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंड दंड केला.

मधला मार्ग

दुसऱ्या झाडावर रुजून हळूहळू त्याला वेढून टाकणारी वडाच्या कुळातील झाडे मार्टिन फाउलर यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये पाहिली होती. त्यांवरून २००४ मध्ये त्यांनी टप्प्याटप्प्याच्या बदलाची पद्धत वर्णिली. तीत जुनी प्रणाली चालू ठेवून तिचे एकेक काम नव्या प्रणालीकडे सोपवले जाते. अशा बदलात काही काळ दोन्ही प्रणालींना एकच माहिती पुरवून त्यांची उत्तरे ताडून पाहता येतात. तफावत आढळली, तर दोष नव्या प्रणालीचाच असेल असे नाही. कधी जुन्या प्रणालीतील न नोंदलेला नियमही त्यातून उघड होतो.