खाडीकाठची परिभाषा : प्रस्तावना

ठाकुर्लीच्या पश्चिमेला उल्हास नदीची खाडी होते. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा परतते. काठाला खारफुटी, तिला खेटून इमारती आणि रुळांपलीकडे डोंबिवलीची एमआयडीसी. पर्यावरणशास्त्राचे बरेचसे शब्द इथे चालता चालता भेटतात. म्हणून या कोशातली उदाहरणे शक्यतो इथलीच घेतली आहेत.

नवा वाचक बिचकतो तो संक्षेपांना. त्यातला सर्वांत धाक घालणारा ‘बीओडी’ आधी घेऊ. पाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणू फस्त करतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. नमुना बाटलीत बंद करून अंधारात ठेवायचा, आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन मोजायचा. जो कमी भरला तो बीओडी. पण बाटली ठेवायची किती दिवस? सांडपाण्याबाबतच्या ब्रिटिश रॉयल कमिशनने १९१२ साली पाच दिवस ठरवले आणि ती चाल जगभर रूढ झाली. आपल्याकडची मानक पद्धत २७ अंश सेल्सियसला तीन दिवसांची आहे, कारण उबदार पाण्यात जिवाणूंचे काम लवकर उरकते. आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवा. दिवस आणि तापमान सांगितल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नये. खाडीच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. भरतीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात समुद्राचे पाणी मिसळलेले असते, ओहोटीच्या नमुन्यात वरून आलेले सांडपाणी जास्त. त्यामुळे नमुन्याची वेळ न सांगणारा अहवाल मी तरी अर्धाच मानतो.

काही शब्द प्रयोगशाळेपेक्षा न्यायालयात आणि सरकारी कचेऱ्यांत घडले आहेत. ‘भरतीरेषा’ त्यांतला एक. ती नकाशावर कुठे ओढली जाते यावर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, हद्द अवलंबून असते. खारफुटीभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचे मुंबई उच्च न्यायालयाचे बंधन आहे आणि जमीन खासगी असली तरी ते सुटत नाही. घर घेणाऱ्याने ‘खाडीचे दृश्य’ ही जाहिरात वाचताना ही नोंद शेजारी ठेवावी. ‘अतिप्रदूषित क्षेत्र’ हीसुद्धा नुसती शिवी नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले आणि ४३ पट्टे या वर्गात टाकले. त्यांत डोंबिवली होती.

‘रामसर स्थळ’ समजायला मात्र ठाण्याच्या खाडीपर्यंत जावे लागेल. रोहितांच्या या पाणथळीला तो दर्जा २०२२ साली मिळाला. ‘शाश्वत विकास’ मी चार ओळींत आटोपला आहे. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालापासून तो इतक्या भाषणांत घासला गेला की त्यावर अधिक लिहिण्याची हौस उरली नाही.

नोंदी अकारविल्हे आहेत, पण पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. हातात एखादी सरकारी सूचना किंवा पाण्याचा अहवाल असेल, तर त्यातला अडलेला शब्द आधी काढावा.